सळई का तुटते

कुठलीही लोखंडी वस्तू दिसली की तो तिच्यावर नखाने टिचकी मारायचा, कान जवळ न्यायचा आणि म्हणायचा, "दमलंय हे, ताई." कँटीनचा चमचा, एसटीचा दांडा, प्रयोगशाळेच्या दाराची कडी, काही सुटायचं नाही. एकदा आमच्या मार्गदर्शक सरांच्या खुर्चीलाच टिचकी मारून तो गंभीरपणे म्हणाला, "सर, जोड दमलाय." पुढे आठवडाभर सर खुर्चीच्या कडेवर बसत होते.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हसू येतं, आणि मग त्यांचंच बरोबर निघतं.

मुंबईच्या त्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करणारे आमच्या भागातले आम्ही दोघेच. मी जव्हारची, कारकुनाची मुलगी. तो सूर्यमाळच्या एका पाड्यावरचा, आश्रमशाळेत शिकलेला. मराठी जपून बोलायचा. यंत्रांचा विषय निघाला की मात्र कुठे अडायचा नाही.

एका मे महिन्यात तो घरून परतला तो गोणपाटात गुंडाळलेली तुटकी सळई घेऊन. पाड्यावरच्या हातपंपाच्या आतली. दर उन्हाळ्यात ती तुटायची आणि दुरुस्तीची गाडी पाऊस पडल्यावर यायची. त्याने तुटलेलं टोक कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि मला हाक मारली. लाट ओसरल्यावर वाळूत राहतात तशा बारीक रेघा दिसत होत्या.

"ही एकदम नाही तुटली, ताई. रोज थोडी थोडी चिरत गेली. वर बाया पाणी काढत होत्या, आत हे चाललेलं."

त्याला यावरच पीएच.डी. करायची होती. सळई का तुटते, आणि कुठल्या पोलादाची केली तर टिकेल. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "अरे, हा दुरुस्तीचा विषय झाला, संशोधनाचा नाही. छापणार कोण हे?" आणि त्याला विमानाच्या इंजिनातला मिश्रधातू दिला.

"तू कधी विमानात तरी बसलास का?" मी चिडवलं.

"धातूला कुठं माहीत आहे ते!" तो हसला.

तीन वर्षं त्याने जीव ओतून काम केलं. मग नमुन्यांवर पुन्हा पुन्हा ताण देणारं ते एकुलतं एक यंत्र बंद पडलं. परदेशातून सुटा भाग यायचा होता, तो येईना. दरम्यान सर निवृत्त झाले. नवे मार्गदर्शक म्हणाले, विषय बदल, पहिल्यापासून सुरू कर. शिष्यवृत्तीची मुदत संपली. तरी तो रोज सकाळी यायचा आणि बंद यंत्र फडक्याने पुसून ठेवायचा. एक दिवस आलाच नाही.

माझं काम संगणकावरचं, ते पार पडलं.

पुढे जव्हारच्या डेपोत भेटला. बोईसरला एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागला होता.

"खरं शिक्षण सांगितलं की घेत नाहीत, ताई. बारावी सांगितली."

"अरे, मी कुणाशी तरी बोलू का?"

"राहू द्या." त्याची गाडी लागली. तो चढला, आणि गर्दीत दिसेनासा झाला.

नंतर त्याचा फोन लागेना, म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी पाड्यावर गेले. म्हातारी आई अंगणात नागली पाखडत होती. बोईसरचं काम सुटलं, मग गुजरातेत गेला, म्हणाली. कुठे, ते तिला ठाऊक नव्हतं. दिवाळीला आला नाही. होळीलाही नाही.

"तू त्याच्यासंगच शिकत व्हतीस ना, बाय?"

"हो."

"मंग त्याचं काय चुकलं?"

"काहीच नाही चुकलं, मावशी."

"मंग?"

मी यंत्राचं सांगू लागले, सरांचं सांगू लागले. मला वाईट वाटू नये म्हणून ती मान हलवत राहिली. मग उठून आत गेली. हंड्याच्या तळाला तांब्या खरडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिने तांब्या माझ्या हातात दिला.

"पी, बाय. लांबून आलीस."