वजीर देऊन मिळवलेला सूर

डोणगावातलं माझं बियाण्यांचं दुकान गेले पाच आठवडे मी धड उघडत नाही आणि धड बंदही ठेवत नाही. कशातच मन लागत नाही. जानेफळहून नलूवैनींचा फोन आला, "भाऊजी, हे गेले..." एवढंच त्या बोलू शकल्या. गजू, माझा शाळेपासूनचा मित्र, हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. आणि गणपतीपासून मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो.

गजू जानेफळात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. दर रविवारी आमचं बुद्धिबळ ठरलेलं. मी जिंकायला खेळायचो, तो कशाला खेळायचा ते मला कळलंच नाही. मग त्याला खूळ लागलं. पटाच्या चौसष्ट घरांखाली त्यानं बारीक बटणं बसवली, वायरी जुन्या कॉम्प्युटरला जोडल्या, प्रोग्रॅमही स्वतःच लिहिला. मोहरं हललं की त्या चालीतून संगीत तयार व्हायचं. प्यादी खालच्या आवाजात धून धरायची, घोडा सप्तक ओलांडून उडी मारायचा... मोहरं मेलं की त्याचा आवाज गाण्यातून जायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. तसं त्याला सांगितलं मात्र नाही.

गणपतीत मंडपात आमचा डाव ठेवला, लाऊडस्पीकर लावून. डाव रंगला आणि यानं आपला वजीर सरळ माझ्या घोड्याच्या तोंडी दिला.

"काऊन बे, फुकट देऊन राह्यला?"

"लय मोठ्यानं वाजते तो. घे त्याले, मंग आयक."

लोक हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं हा मला मुद्दाम जिंकू देत होता की काय? "तू खेळून राह्यला का माही मजा घेऊन राह्यला?" म्हणत मी भरल्या मंडपातून उठलो. नंतर त्यानं दोनदा फोन केला. मी उचलला नाही. झक मारली!

इतके दिवस तोंड दाखवायचा धीर होत नव्हता, शेवटी परवा जानेफळला गेलो. त्याच्या खोलीत तोच डाव मांडलेला होता.

"तुमची चाल राह्यली म्हणून यायनं कोणाले हात लावू देला नाई," वैनी म्हणाल्या आणि त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला.

मी घोड्यानं वजीर मारला. मोठा आवाज थांबला आणि त्याखाली इतका वेळ दबलेली प्याद्यांची धून वर आली. हळू, साधी, फार गोड. गजूला मला एवढंच ऐकवायचं होतं. मी वैनींसमोर ढसाढसा रडलो.

त्या समोर बसल्या. "मले चाली येत नाई, भाऊजी. कानाले बरं लागन तिथं ठेवतो," म्हणाल्या आणि हत्ती उचलून चक्क तिरपा नेला.

एका चुकीच्या चालीवरून आठवडाभर भांडणारा माणूस मी. तो हत्ती तिथंच राहू दिला. माझं प्यादं एक घर पुढे सरकवलं.