अमावास्येची टाकी

समोरचा माणूस थापा मारायला लागला की दीक्षाची डावी नाकपुडी वर चढते. हुबळीकडच्या बेलूरच्या आमच्या कारखान्यात ती इतक्या वेळा चढलेली पाहिली आहे की खाली कधी येते, असा मला प्रश्न पडतो. मी भारती, तिथलं स्टोअर सांभाळते. दीक्षा तिथं टाक्यांचं डिझाइन करते. हुबळीला रेल्वेतून निवृत्त झालेल्या नागसेन अप्पांची ही मुलगी. घरी बुद्धवंदना, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्याच्या घरचा चहासुद्धा अप्पांना कडू लागतो. मी स्वतः सोमवार धरणारी बाई, पण जे झालं त्याची किळस मला तिच्याइतकीच आली.

पाठीवर बांधून शेतात औषध फवारायचा पंप असतो ना, त्याची ती टाकी. आत हवेचा दाब असतो, त्यानं फवारा उडतो. टाकी गोल असली की दाब सोसते, पण बाईमाणसाच्या पाठीवर दिवसभर टोचत राहते. दीक्षानं ती चपटी केली, प्लॅस्टिकची, एका हातानं उचलावी इतकी हलकी. आता चपटी टाकी दाबाखाली पुरीसारखी फुगणारच. म्हणून तिनं आत भिंती घातल्या, पुढच्या बाजूपासून मागच्या बाजूपर्यंत, औषध इकडून तिकडं जायला भोकं ठेवून. गोधडीचे टाके दोन्ही पदर धरून ठेवतात, तशा त्या भिंती टाकीच्या दोन्ही बाजू धरून ठेवतात.

टाकी साच्यातून दोन अर्ध्या भागांत निघते, आतल्या भिंतीही अर्ध्या-अर्ध्या. दोन्हींच्या कडा तापलेल्या प्लेटवर वितळवायच्या आणि एकमेकींवर दाबून धरायच्या. बाहेरची कड लगेच वितळते, आतल्या भिंतींना वेळ लागतो. आमचे मालक गुरुप्रसाद साहेब, त्यांनी नेमका तोच वेळ कापला. का, तर पाळीत जास्त माल निघतो.

दीक्षानं एक टाकी करवतीनं कापली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. बाहेरचा जोड सुरेख होता. आतल्या भिंती एकमेकींना नुसत्या टेकल्या होत्या. बोटानं ढकललं की सुटत होत्या.

"कापून कोण बघतंय री, मॅडम?" साहेब म्हणाले.

"पाठीवर फुटली की सगळे बघतील."

"बिड्री, सोडा ते. बाहेरनं झकास दिसतीय की. स्वल्प ॲडजस्ट करा."

तिचं मागणं साधं होतं. प्लेटवरचा वेळ पूर्ववत करा, आणि प्रत्येक खेपेतली एक टाकी पाणी भरून, दाब चढवत, फुटेपर्यंत तपासा. साहेब हसले. चांगला माल फोडायला मी काय खुळा आहे काय, म्हणाले. पहिली सगळी खेप गोदामात उभी होती, मिरचीच्या शेतात फवारणाऱ्या बायकांच्या पाठीवर चढायला तयार. दीक्षा महिनाभर रोज त्यांच्या केबिनमध्ये जाऊन भांडली. शेवटी शेवटी ते तिच्या बोलण्याच्या मध्येच फोन उचलायला लागले.

मग अमावास्या आली. दर अमावास्येला आमच्या फाटकात दृष्ट काढून कोहळा फोडतात. हळदीकुंकवात बरबटलेला तो गर दिवसभर तिथंच पडून राहतो. माश्या घोंगावतात, गाड्यांची चाकं तो लगदा आवारभर फिरवतात, चपला चिकटतात. वास सुटतो. दीक्षा नाकाला ओढणी लावून त्यावरून पाय टाकत आत आली, मागं वळून एकदा त्या लगद्याकडं बघितलं आणि तडक साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, टाकीच्या मशीनला कोहळा कसा चालेल? टाकीची दृष्ट टाकीनंच निघणार."

साहेबांनी डोळे बारीक केले. "तुम्ही लोकं हे मानत नाही ना?"

"तुम्ही मानता ना, साहेब."

दहा मिनिटांत सगळं ठरलं. महिनाभर जे विज्ञानाला जमलं नव्हतं, ते! गोदामातली एक टाकी उचलली, तिला कुंकू फासलं, हार घातला, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवली. साहेबांना हवा भरून धडाम आवाज हवा होता. हवेनं तुकडे उडून डोळे जातील, पाणीच भरायचं, यावर मात्र दीक्षा अडून बसली. हातपंपाचा दांडा तीच मारत होती. काटा निम्म्यावर पोचायच्या आत टाकी फाटली, पाणी सांडलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! फुटू नये म्हणून केलेली वस्तू फुटली म्हणून!

"लई जबरी दृष्ट होती बघा," साहेब खुशीत म्हणाले.

दीक्षानं सुटलेल्या भिंती त्यांना दाखवल्या. "दृष्ट इथं बसलीय, जोडात. प्लेटवर जास्त वेळ जाळल्याशिवाय जाणार नाही. आणि गोदामातला माल दृष्ट लागलेला आहे, तो बाहेर देऊ नका."

साहेबांनी त्याच दिवशी सगळी खेप भरडायला पाठवली आणि प्लेटचा वेळ वाढवला.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिनं सांगितलं, घरी अप्पांनी विचारलं होतं, तू पूजा केलीस?

"मी म्हटलं, नाही, मी पंप मारला. पण दृष्ट असते, असं माझ्या तोंडानं सांगितलं. अप्पा ताट तसंच ठेवून उठले."

तिनंही पोळी तशीच गुंडाळून ठेवली. मला साहेबांचा इतका संताप आला होता की मीही डब्याचं झाकण लावलं.

पुढच्या अमावास्येला नव्या मालातली टाकी पिंजऱ्यात ठेवली. भटजींनी दिलेली वेळ सुरू झाली. दीक्षा दांडा मारू लागली. काटा निम्मा ओलांडून गेला. तिनं टाकीच्या आराखड्यावर लिहिलेली मर्यादा आली, तीही गेली. टाकी जरा तट्ट झाली, एवढंच. दीक्षाच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि कितीतरी दिवसांनी तिची नाकपुडी जागेवर होती.

इकडं साहेब घड्याळ बघून कासावीस. वेळ टळत चालली तशी माणसं कुजबुजायला लागली. शेवटी साहेबांनी पुढं होऊन तिचा दांडा धरला.

"फुटंना कशी ही? अपशकून आहे हा. मॅडम, ते आतल्या भिंती पुढच्या खेपेपासनं पातळ करा. वेळेत फुटली पाहिजे."

मला वाटलं, कुंकवाची वाटी उचलून त्यांच्या तोंडावर मारावी. ज्या भिंतींवर माणसांच्या पाठी टिकणार, त्या पातळ करायच्या, कशासाठी, तर टाळ्या वेळेवर पडाव्यात म्हणून!

दीक्षानं त्यांचा हात दांड्यावरून काढला. आवाज चढवला नाही.

"भिंती पातळ होणार नाहीत, साहेब. भटजींकडून वेळ वाढवून घ्या."

साहेब खिशातून फोन काढून भटजींशी दोन वाक्यं बोलले आणि मान डोलावत परत आले. वाढीव वेळ मिळाली होती. दुपारपर्यंत. कशासाठी हवी, हे भटजींनी विचारलंसुद्धा नव्हतं.

दीक्षानं दांडा पुन्हा हातात घेतला. "भारती अक्का, आता मुहूर्तसुद्धा मीच मागून घेतला. मला ओकारी येतीय," ती माझ्या कानाशी म्हणाली, आणि पंप मारायला लागली.