नक्कल मिळाली का?

माधवराव सर गेल्याचे वृत्त आले तेव्हा मी कचेरीसमोरच्या माझ्या टेबलावर एक वारसनोंदीचा अर्ज लिहीत होतो. लेखणी खाली ठेवली. मनात पहिला प्रश्न उभा राहिला तो शोकाचा नव्हता, हे नमूद करणे मला भाग आहे. सरांना खुनी कोण ते कळले होते का... एवढाच तो प्रश्न होता.

वाचकांस खुलासा केला पाहिजे. सर गंगापूरच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, शहरात आले आणि आमच्या वस्तीतील वाचनालयाचे अध्यक्ष झाले. खून, पिशाच्च, चोरटी प्रेमप्रकरणे असल्या पुस्तकांची पोती त्यांनी चिटणीसांकरवी कपाटांतून बाहेर काढविली. "हा रद्दीचा माल आहे," असे ते भाषणात म्हणत. तो खरोखर रद्दीतूनच येई. छावणीच्या बाजारातील रद्दीवाल्याकडून मी खुद्द सरांसाठीच रहस्यकथा निवडून आणीत असे, तिला अर्जाच्या खाकी कागदाचे वेष्टन चढवीत असे, आणि दुपारी सर माझ्या टेबलाशेजारच्या लोखंडी खुर्चीवर येऊन चारचौघांत विचारीत, "नक्कल मिळाली का?" कचेरीच्या आवारात ज्याला त्याला कसल्या तरी सरकारी कागदाची नक्कल हवीच असते, त्यामुळे संशयास जागा नव्हती. आधी सरांनी वाचावयाचे, मग मी, आणि शेवट कोणी फोडावयाचा नाही, असा आमचा करार होता. पुस्तक परत करताना त्यांचा अभिप्राय ठरलेला असे. "भाषा भिकार आहे हो... दुसरा भाग आहे का?" माझे शिक्षण नववीपर्यंतचे. परंतु अर्जाच्या भाषेत मला या जिल्ह्यात तोड नाही, हे सरांनीही मान्य केले होते.

अखेरच्या दुखण्यात त्यांना चिकलठाण्याकडील एका दवाखान्यात ठेवले होते. मी गेलो तेव्हा उशाशी सरांच्या पत्नी कमलवहिनी होत्या आणि पायथ्याशी तेच वाचनालयाचे चिटणीस. सरांना अक्षर दिसेनासे झाले होते. त्यांनी माझी बाही धरली.

"अर्जनवीस, पिशवीत ती नक्कल आहे. थोडीच राहिली आहे. वाचून दाखवा."

"नक्कल? कसला दावा, सर?" चिटणीस पुढे सरकले.

"जमिनीचा."

सरांची आयुष्यभराची अब्रू त्या खाकी कागदाआड होती. मी पुस्तक छातीशी उभे धरले आणि कथेचा अर्ज करीत वाचू लागलो. "सदर दिवाणाने जमीनदाराचे खोलीत विनापरवाना प्रवेश केला, सबब संशय बळावतो. पुतण्याने आणलेले सरबत..." पुढे जमीनदार मरत होता. अर्जाच्या भाषेत त्याला 'मयत' म्हणावे लागते, आणि त्या खाटेशी तो शब्द माझ्याने उच्चारवेना. मी म्हणालो, "सरबत प्राशन करताच अर्जदार निपचित पडला व त्याचे डोळे उघडेच राहिले."

सर डोळे मिटूनच म्हणाले, "मयत म्हणा. मेलेला माणूस अर्ज कसा करील?"

चिटणीस दचकले. वहिनींनी पदर तोंडाला लावून खिडकीकडे मान फिरवली. त्यांचे खांदे हलताना पाहून मी नजर पुन्हा पानात खुपसली.

"अन् जमिनीच्या दाव्यात सरबत कुठून आलं?" चिटणीसांनी विचारले.

"पंचनाम्यात नोंद आहे," मी म्हणालो.

सरांचा श्वास जड होत चालला होता. मी घाईने पाने उलटीत राहिलो. शेवटचे प्रकरण उघडले, तोच परिचारिकेने भेटीची वेळ संपल्याचे सांगितले. चिटणीस दारात माझ्यासाठी थांबून राहिले. सर पुटपुटले, "कोण?" ते मलाही ठाऊक नव्हते. "निकाल उद्या," असे म्हणून मी पुस्तक पिशवीत ठेवले... उद्या उजाडला तो ते वृत्त घेऊन.

शोकसभेत चिटणीसांनी सांगितले की, सरांना अखेरच्या क्षणीही गरिबांच्या दाव्यांची चिंता होती. मी मान खाली घातली. तेरावा झाल्यावर वहिनींकडे गेलो आणि म्हणालो, "सरांच्या पिशवीत माझी एक नक्कल राहिली आहे."

"व्हय. सरबतवाली ना?" वहिनी म्हणाल्या. "भावजी, तुमचे सर दुपारी आडवे झाले की ती पुस्तकं कोण वाचत होतं, वाटतं तुम्हाला? त्या दिवशी तुमच्या अर्जानं हसू दाबता दाबता माझा जीव घाबरा झाला होता."

मी घाईने विचारले, "मग सरांना...?"

"तुम्ही गेल्यावर उरलेलं मीच वाचलं. सरळ. तुमचं ते सबब-बिबब काही नाय. आधी माझ्याकडं नुसते बघतच राहिले. म्हणाले, तरीच माझा खुणेचा कागद जागा बदलत होता." वहिनींनी पुस्तक माझ्यापुढे ठेवले. "खुनी कळल्यावर म्हणाले, भाषा भिकार आहे गं... दुसरा भाग आहे का?"

त्यानंतर ते बोलले नाहीत.

लोखंडी खुर्ची मी टेबलाशेजारून हलविलेली नाही. परवा वहिनी सरांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी कचेरीकडे आल्या, त्या खुर्चीवर टेकल्या आणि भोवतालच्या गर्दीकडे एकवार पाहून म्हणाल्या, "भावजी, नक्कल मिळाली का?" मी काढून ठेवलेला दाखला पुढे केला. त्यांनी तो घडी करून पिशवीत ठेवला, पण उठल्या नाहीत.

"ही नव्हं," त्या हळूच म्हणाल्या.