दोन सुलाबाई

अंजना काळेलसारखी नोंद करणारी बाई मी छत्तीस वर्षांच्या नोकरीत दुसरी पाहिली नाही. हे मी लिहितोय ते तिच्यावरचा डाग पुसायला नव्हे. तो पुसला जाणार नाही, आणि त्यात माझाही हात आहे.

माणदेशातल्या आमच्या रुग्णालयात मी वरिष्ठ लिपिक होतो. अंजना कंत्राटावर आली तेव्हा केसपेपर संगणकात चढवायचं काम निघालं होतं. मेंढपाळाची पोर, घरात पहिली बारावी झालेली. एक एक आकडा बोट ठेवून वाचायची, टाइप करायची, पुन्हा वाचायची. खिडकीशी रांग खोळंबली की मी करवादायचो. ती मान वर न करता म्हणायची, "आवं नाना, माणसाचं नाव हाय ते."

अडचण जन्मतारखेची आली. आमच्याकडच्या बायकांना वय विचारलं तर दुष्काळाच्या हिशोबानं सांगतात. संगणकाला मात्र दिवस, महिना, वर्ष तिन्ही पाहिजेत. चौकट रिकामी ठेवली तर तो पुढे सरकतच नाही. अंजनानं मला विचारलं. मी म्हटलं, त्यात काय, वर्ष दुष्काळावरून धर आणि एक जून टाक. शाळेत गुरुजींनी अख्ख्या तालुक्याला तीच तारीख दिलेली आहे. तिच्या स्वतःच्या दाखल्यावरही एक जूनच होती. ती हसली आणि टाकत गेली. वर्षभरात हजारो बाया एका दिवशी जन्मल्या.

दुसरी गोष्ट याहून साधी. एका वस्तीवर एका नावाची चार माणसं असतात. म्हणून जुन्या रजिस्टरात मी नावापुढे तांबड्या शाईनं ओळख लिहायचो. सुलाबाई आकाराम विरकर, गिरणीवाली. सुलाबाई आकाराम विरकर, मेंढरंवाली. दोघींचे नवरे चुलतभाऊ, दोघांचं नाव आजोबांवरून ठेवलेलं; दोघी जन्मल्याही एकाच दुष्काळात. संगणकात या तांबड्या शाईला चौकटच नव्हती. मी वर एक पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

त्या भाद्रपदात तोंडाच्या तपासणीचं शिबिर झालं. आमच्या बायकांचं तंबाखूच्या मिश्रीशिवाय दात घासणं होत नाही. दोन्ही सुलाबाई आल्या. गिरणीवालीचं तोंड साफ होतं. मेंढरंवालीच्या गालाला आतून जखम होती, म्हणून तिथला तुकडा काढून तपासायला जिल्ह्याला पाठवला. सिस्टरनं तिला समजावलं, काही वावगं निघालं तर फोन येईल, नाही आला तर चांगलं आहे असं समजायचं. दिवाळी झाली आणि तिची मेंढरं कृष्णाकाठी निघाली.

तेवढ्यात वरून यादी आली. नाव, नवऱ्याचं नाव, गाव आणि जन्मतारीख सारखी असलेल्या चारशे अडतीस जोड्या. एकाच माणसाची दोनदा नोंद झालीय असं संगणकाचं म्हणणं; तीन दिवसांत सगळ्या एकत्र करा असा हुकूम. अंजना पहिल्या दिवशी बावीसच करू शकली, कारण ती प्रत्येक नाव आठवून बघत होती. संध्याकाळी साहेबांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. कंत्राटाचं नूतनीकरण तोंडावर होतं. दुसऱ्या दिवशी तिनं आठवणं सोडलं आणि बटण दाबत गेली.

तपासणी माझ्याकडे होती. दर दहावी जोडी जुन्या रजिस्टराशी ताडून सही करायची. रजिस्टरं मागच्या खोलीत, कपाटाची किल्ली माझ्या खिशात. मी खुर्चीतून उठलो नाही. सही केली आणि चहा मागवला.

एकत्र करताना संगणक शेवटची नोंद ठेवतो, फोन नंबरही शेवटचाच. तो गिरणीवालीचा राहिला. तुकड्याचा अहवाल आला, त्यात कर्करोग. फोन गिरणीवालीला गेला. ती बिचारी रडतच आली. आमचे डॉक्टर नवे होते, बाहेर शंभर माणूस उभं. ती परोपरीनं सांगत होती की माझा तुकडा कुणी काढलाच नाही. पण पडद्यावर काढलेला होता. डॉक्टरांनी तोंड बघितलं, जखम दिसत नाही असं लिहिलं आणि फाईल बंद केली. गिरणीवाली पेढे वाटून गेली. मीही खाल्ला.

मेंढरंवाली पावसाच्या तोंडावर परतली, ती पदरानं तोंड झाकूनच. गाल फुटला होता. अंजनानं नाव टाकलं, समोर दोन घरांची हकिगत एका पानावर आली, आणि तिनं ते पान बोट ठेवून दोनदा वाचलं. त्याच दुपारी तिनं जिल्ह्याला फोन लावला, नोंदी वेगळ्या कशा करायच्या विचारलं. तशी सोय नाही म्हणाले. साताऱ्याला नेल्यावर तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, दिवाळीच्या सुमारास आली असती तर वाचली असती.

मी अंजनाला म्हटलं, गप्प बस. रोग होता, रोगानं नेलं म्हणतील, तुझी नोकरी कशाला घालवतेस. असा मी. ती ऐकेना. दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेली, आणि मी मागनं गेलो, खरं तर तिला आवरायला.

साताऱ्याहून परत आणलेली सुलाबाई छपरात वाकळेवर पडली होती. अंजना तिच्या पायाशी बसली आणि सगळं सांगितलं. यादी, बटण, दुसरी सुलाबाई. काही लपवलं नाही. माझं नाव मात्र घेतलं नाही, आणि मीही ते पुढे केलं नाही. शेवटी म्हणाली, "मावशी, माझ्या हातनं झालं."

सुलाबाई कोपरावर उठली. बोलताना तिला कळा येत होत्या.

"पोरी, मी फोनची वाट बघायची. मेंढरं बसवली की फोन मांडीवर घेऊन बसायची. चार म्हैनं न्हाई वाजला. तवा म्हनलं, सुटले." तिनं पदरानं तोंड टिपलं. "म्हनून मी बिरोबाला कोकरू वाहिलं, गं."