माघार उज्जैनची

टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केलेल्या बाईला किस्से विचारू नयेत. एक निघाला की मागोमाग सगळे निघतात! मी उज्जैनच्या बोर्डावर कानाला हेडफोन लावून बसायचे, तेव्हाचे हे. मध्यभारत मोडून राजधानी नुकतीच भोपाळला गेली होती. आमचे हेड ऑपरेटर तात्या, त्यांचा मुलगा प्रभाकरही नोकरीपायी तिच्यामागे भोपाळला निघाला. "गेलास तर तोंड दाखवू नकोस," तात्या म्हणाले, आणि तो गेला. झालं, अबोला! आधी मुलाने बोलावं म्हणून बाप अडून बसला, आधी बापाने म्हणून मुलगा. मध्ये प्रभाकरची आई, आमच्या काकू, झुरत होत्या.

*

साहेबलोकांची तऱ्हा ऐका. उज्जैनच्या साहेबांचा पीए म्हणे, "पहले आपके साब को लाइन पर लाइए." भोपाळचा पीए म्हणे, "नहीं जी, पहले आपके!" दोन्ही साहेब आपापल्या खोलीत, लाइन अडकलेली, आणि मागे एक माणूस बायकोसाठी डॉक्टरला फोन लावायला रडकुंडीला आलेला. तात्यांनी सरळ प्लग उपटला. "ज्याने फोन लावला, त्याने आधी बोलायचं," ते म्हणाले.

पीए भडकला. "शिकायत करूंगा!"

"जरूर कीजिए. मगर चिट्ठी से, लाइन बिज़ी है!"

*

इंदूरला तेव्हा एकच तार. एकदा तिकडून कुसुमने आणि इकडून मी एकाच वेळी कॉल लावला. "तू सोड." "तू सोड, माझा अर्जंट आहे." दोन्हीकडची गिऱ्हाइकं नुसती हॅलो हॅलो करत बसली. शेवटी दोघींनाही लाज वाटली, दोघींनी एकदमच सोडली, आणि एकदमच पुन्हा लावली!

तात्यांनी त्या दिवशी नियम केला. "दोन्हीकडून अडलं की माघार उज्जैनची. नेहमी."

मला राग आला. "आपणच का? आपण काय कमी आहोत?"

"कमी-जास्त कसलं त्यात? कुणी मागे व्हायचं ते आधी ठरलेलं असलं, की कुणाचा कॉल अडत नाही."

*

भैरवगढचे, कापडावर ठसे छापणारे, एक छापेवाले चाचा होते. त्यांनी एक्सचेंजमध्ये येऊन धाकट्या भावाला ट्रंक कॉल लावला आणि गप्प बसून राहिले.

"चाचा, बोलिए ना!"

"छोटा है. सलाम पहले वही करेगा."

तिकडे धाकटाही गप्प. तीन मिनिटं संपली, लाइन कापली. चाचा उठले, टोपी नीट केली. म्हणाले, "खैर, साँस तो ठीक चल रही थी उसकी!"

*

मग काकू अंथरुणाला खिळल्या. एकदा प्रभाकरला बघायचंय, एवढंच म्हणत. मी भोपाळच्या ऑपरेटरकडून त्याला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी भोपाळहून कॉल आला, तात्यांच्या नावाने. मी तो त्यांच्या हेडफोनवर दिला. फोन प्रभाकरने लावला होता, बोलायचं त्याने. तो बोलेना. तात्याही बोलेनात. माझ्या कानात नुसते दोघांचे श्वास. बोर्डावर बाकीचे कॉल खोळंबले होते, आणि लाइन अडवून धरली होती खुद्द तात्यांनी! माझा जीव तुटत होता. ऑपरेटरने मध्ये बोलायचं नसतं, पण मी बोलले.

"तात्या, माघार उज्जैनची."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घसा खाकरला.

"प्रभाकर, आई वाट बघतेय," ते म्हणाले. "आणि मी पण, रे."