गोळीमशीनवरच्या बाईची साडी

आमच्या घरी एक गोळीमशीन आहे. त्याला पिनबॉल म्हणतात, हे मला कॉलेजात गेल्यावर मोबाइलवर शोधताना कळलं. आप्पा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी सोलापुरात पैसे टाकून मशीनवर खेळायच्या एका दुकानात कामाला होते. ते दुकान बंद झालं तेव्हा मालकानं हे मशीन त्यांना देऊन टाकलं. येरमाळ्याची, तेरची किंवा जवळपासच्या गावची जत्रा आली की ते टेम्पोत चढतं. दांडी ओढून सोडली की लोखंडी गोळी वर जाते, खुंट्यांना धडकत खाली येते, घंटा वाजतात, आकडे फिरतात.

मशीनच्या उभ्या काचेवर एक गोरी बाई रंगवलेली आहे. समुद्राच्या काठावर उभी, अंगावर नावापुरत्या दोन चिंध्या. देवीच्या जत्रेत हे चालणार कसं? म्हणून आईनं पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेल्या हिरव्या रंगानं काचेच्या बाहेरून तिला साडी नेसवली. पण मागचे दिवे लागले की साडीतून सगळंच दिसायचं. मग आप्पांनी ते दिवेच काढून टाकले. तेव्हापासून ती बाई अंधारात उभी आहे आणि आई दर वर्षी तिच्या साडीवर नवा हात फिरवते.

दिवाळीच्या सुट्टीत मी मशीनचे फोटो जुन्या वस्तूंच्या एका ग्रुपवर टाकले. किती जुनं असेल, एवढंच विचारायचं होतं. पुण्याच्या एका गृहस्थांनी बघायला येतो म्हणून कळवलं. आप्पांना ते काही पटेना. एवढ्या लांबून, तेही मशीन बघायला, कोण येतं? चुलत्यांनी तर निदानच करून टाकलं. जुन्या रेडिओत आणि मशीनांत लाखो रुपयांचा लाल पारा असतो, त्याच्या मागं माणसं हिंडतात म्हणे. तसलं काही नसतं, असं मी सांगितलं खरं, पण शंका माझ्याही मनात शिरली.

पुण्याचे गृहस्थ आले. चहा नको म्हणाले. मशीन खेळूनही बघितलं नाही, आणि आप्पांना तेच खटकलं. त्यांनी खाली वाकून लाकडावरचा नंबर वाचला, आतल्या फळीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. मग काच अलगद काढून तिच्या पाठीवर मोबाइलची बॅटरी मारली आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फिरवली.

“ह्याला कुणाचा हात लागलाय का?” त्यांनी विचारलं.

“जत्रंतलं मशीन हाय, साहेब,” आप्पा म्हणाले. “हात लावल्याबिगर खेळायचं कसं?”

ते हसले. हात लागणं म्हणजे दुरुस्ती, नवा रंग, असं त्यांनी समजावलं. चित्राचा रंग काचेच्या आतल्या बाजूनं असतो. वर्षानुवर्षं दिव्यांची ऊब लागून त्याचे पापुद्रे सुटतात. त्यामुळं बहुतेक जुन्या मशीनांचे चेहरे गेलेले असतात. नवी काच छापून मिळते, पण जाणकार ती लगेच ओळखतात. म्हणून मूळ रंग शाबूत असलेल्या काचेला मोल. त्यानंतर मूळ लाकूड, जुळणारे नंबर, आतले मूळ भाग. मशीन चालतं की नाही, हे त्याच्याही नंतर.

“हिच्या मागं दिवे लागलेले दिसत नाहीत. असं जपायला तुम्हाला कुणी सांगितलं?”

आई-आप्पांनी एकमेकांकडं पाहिलं. चुलते खाली मान घालून हसत होते. खरं कारण कुणीच सांगितलं नाही.

साहेबांनी खिशातून लहानसं पातं काढलं. वरचा हिरवा रंग निघतो का, एका कोपऱ्यात बघू का, असं विचारलं. दारात उभी असलेली आई पुढं आली.

“ऱ्हाऊ द्या. नेसलेली बाई हाय.”

त्यांनी पातं खिशात ठेवलं आणि फक्त काच नेतो म्हणाले. बाकीच्याचं काय, मी विचारलं. पाय बदललेत, आत गावातल्या मिस्त्रीनं जोडकाम केलंय, त्याला गिऱ्हाईक मिळणार नाही, म्हणाले.

“म्हंजे मुंडकं तुमी न्यायचं आन् धड आमाला ठिवायचं व्हय?” आप्पा म्हणाले.

तसे साहेब लगेच बदलले. बरं, सगळंच नेतो म्हणाले. इतक्या लवकर बदलले म्हणून मला जास्तच भीती वाटली. पुण्यात नेऊन ते मशीन फोडलं तर आम्हाला कोण सांगणार होतं? मी घाबरतच विचारलं, तुमच्याकडची मशीनं बघायला मिळतील का? त्यांनी मोबाइलवरचा फोटो पुढं केला. भिंतभर नुसत्या काचा टांगलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या मागून उजेड सोडलेला होता. मशीन एकही दिसलं नाही. कदाचित दुसऱ्या खोलीत असतील. मी विचारलं नाही, त्यांनीही दाखवलं नाही.

आप्पांनी काच परत खाचेत बसवली. “न्हाय जमायचं,” एवढंच म्हणाले. साहेबांनी फार आग्रह केला नाही. त्यांच्यावर आपण अन्याय केला का, हे मला अजून ठरवता येत नाही.

चैत्रात येरमाळ्याला मशीन नेहमीच्या जागी लागलं. आप्पा मात्र नेहमीच्या स्टुलावर बसले नाहीत. काचेला पाठ लावून उभे राहिले, आणि कुणी मोबाइल वर केला की कुठून आलात, असं विचारायचे. संध्याकाळी इस्त्रीच्या कपड्यांतला एक माणूस मन लावून खेळला, सगळ्या गोळ्या घालवल्या आणि खुशीत म्हणाला, “मशीन लई जुनं दिसतंय, मामा.”

“न्हाय वो, नवंच हाय,” आप्पा म्हणाले. “इचारा की पोरीला. कॉलेजात शिकती ती.”

त्या माणसानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवून हो म्हटलं.