बंद लॉजमधला नवा साबण

मावशींच्या लॉजला सहा खोल्या, एक अरुंद जिना आणि एक भित्री मालकीण होती. नवरा गेल्यापासून मावशी आणि त्यांची धाकटी जाऊ मिळून ते चालवत. जाऊ स्वयंपाकघर बघायची, मावशी बाकीचं सगळं, आणि या बाकीच्यात घाबरणंही आलं. विजेचं मीटर बघायला माणूस आला तरी त्या दाराआड व्हायच्या. सरकारी पाकीट आलं की ते जावेनं फोडायचं, मावशी तोवर उगाच पडदे झटकायच्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. मावशींच्या पाठी लागला तो मात्र कोट घालून, हसतमुखानं जिना चढून आला.

तो पर्यटन व्यावसायिकांच्या संघटनेचा चिटणीस होता. त्या वर्षी देशभरच पर्यटक रोडावले होते. मोठ्या हॉटेलवाल्यांना सरकारकडून करात सूट हवी होती, स्वस्त कर्ज हवं होतं, परदेशात जाहिराती करायला निधी हवा होता. संघटनेची एक जुनी रीत होती. मंत्र्यांकडे शिष्टमंडळ न्यायचं तर सोबत एक छोटा धंदेवाला न्यायचा. मागणं मोठ्यांनी मागायचं, रडायचं त्यानं. आपापसात ते त्याला 'रडका' म्हणत. मागच्या खेपेचा रडका टॅक्सीवाला होता, तो ऐन वेळी हसला आणि सगळं मुसळ केरात गेलं. म्हणून यंदा बाईमाणूस हवं होतं, आणि मावशींचा चेहरा तर जन्मापासूनच रडवेला.

मावशींनी खरं ते सांगितलं. चार खोल्या रिकाम्या असतात, दोन भरतात, चाललंय कसंबसं. चिटणीसाला कसंबसं नको होतं.

"मावशी, धंदा मंदा आहे असं तर सगळेच म्हणतात. तुम्ही सांगायचं, वर्ष झालं, लॉज बंद आहे. एक पाहुणा नाही."

खोटं कसं बोलू, असं मावशी पुटपुटल्या. त्यावर तो रागावला नाही. त्यानं फक्त विचारलं, परवान्याची मुदत कधी संपते, आणि शिफारशीची सही संघटनाच देते हे तुम्हाला ठाऊक असेलच. मावशींचं धाबं दणाणलं. परवाना गेला तर लॉज गेलं, आणि लॉज गेलं तर या वयात दोघींनी जायचं कुठे? जाऊ दारामागून म्हणाली, जाऊबाई, नाही म्हणा. पण 'नाही' हा शब्द मावशींच्या तोंडून कधी आलाच नव्हता. तो त्या दिवशी कुठून येणार?

मंत्रीबाईंच्या दालनात इतकी थंडी होती की दात वाजावेत. हॉटेलवाले आळीपाळीनं बोलले. त्यांच्या बोलण्यात देशाची प्रतिष्ठा होती, लाखोंचा रोजगार होता, स्वतःच्या तिजोरीचा तेवढा उल्लेख नव्हता. मग मावशींना पुढे ढकललं. त्यांनी पाठ केलेलं वाक्य कसंबसं म्हटलं आणि भीतीनं त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. संघटनेला इतका चांगला रडका आजवर मिळाला नव्हता. चिटणीसाला हायसं वाटतंय तोच मंत्रीबाई उठल्या आणि म्हणाल्या, "मला तुमचं लॉज बघायचंय. आज दुपारीच येते."

बाहेर आल्यावर चिटणीसाचा चेहरा पांढराफटक पडला होता. लॉजवर तेव्हा पाहुणे होते. त्यानं जावेला फोन लावून त्यांना दुसरीकडे हलवायला सांगितलं, आणि मावशींना रिक्षात बसवून पुढे धाडलं. सगळ्या वाटेवर मावशी एकच विचार करत होत्या, की पकडले गेलो.

आणि घरी पोचल्यावर त्यांच्या हातून ती चूक झाली. लॉज चालवणाऱ्या बाईच्याच हातून व्हावी अशी. खोल्या बघायला कुणीतरी येतंय एवढंच त्यांच्या हातांना कळलं. त्यांनी फिनेल टाकून फरशा पुसल्या, धुतलेल्या चादरी ताणून घातल्या, टॉवेलांच्या घड्या केल्या, न्हाणीघरात नवे साबण ठेवले. जाऊ उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करत होती. आपण काय करतोय हे दोघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही. चिटणीस आत शिरला आणि नाकाला रुमाल लावून दारातच थबकला.

"अहो, वर्षभर बंद आहे ना हे?"

तोवर गाडी दारात लागली होती.

मंत्रीबाई एकेका खोलीत गेल्या. चादरीवर हात फिरवला, साबण उचलून पाहिला. मावशी कठडा धरून उभ्या होत्या. आता पोलीस येणार, किल्ल्या काढून घेणार, जावेला काय तोंड दाखवू, अशी चक्रं डोक्यात फिरत होती. मंत्रीबाई वळल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"एक पाहुणा नाही, तरी रोज खोल्या तयार ठेवता?"

मावशींनी मान डोलावली. दुसरं काही सुचण्याच्या स्थितीत त्या नव्हत्याच. चिटणीसानं तोच रुमाल मग डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी मावशींचा फोटो पेपरात होता. पुढे महिनाभरात सरकारची मदत जाहीर झाली. पन्नासच्या वर खोल्या असलेल्या हॉटेलांना कर माफ. मावशींना संघटनेकडून एक पुष्पगुच्छ आला. जाऊ संतापली, पण मावशी खूश होत्या. सुटलो एकदाचे, एवढंच त्यांना हवं होतं. थोडे दिवस दार लावून बसल्यावर त्यांनी गुपचूप पाहुणे घ्यायला सुरुवात केली आणि जिवात जीव आला.

मग एका सकाळी परवाना खात्याचा अधिकारी आला. तरुण होता, नम्र होता, आणि त्यामुळेच मावशींना तो जास्त भयंकर वाटला. पेपरातली बातमी वाचून मला भरून आलं होतं, असं तो म्हणाला. पण सहा महिन्यांहून जास्त बंद राहिलेल्या लॉजचा परवाना आपोआप रद्द होतो. नवा काढायचा तर नव्या नियमांनी, म्हणजे लिफ्ट हवी, रुंद जिना हवा. मावशींनी चिटणीसाला फोन लावला. तो वाजत राहिला.

"मावशी, नियम काही मी केला नाही," अधिकारी म्हणाला. "तुम्ही फक्त एक सांगा. लॉज बंद होतं की चालू होतं? चालू होतं म्हणालात तर परवाना राहील. पण मग मंत्रीबाईंना तुम्ही काय सांगितलंत, ते मला वर कळवावं लागेल."

इकडे आड, तिकडे विहीर. बंद म्हणावं तर लॉज जातं, चालू म्हणावं तर सरकारला फसवलं. जाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अधिकारी घाई करत नव्हता.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कुणीतरी हाक मारली. "मावशी, गरम पाणी येत नाहीये हो!"

"आलेच हं," मावशी म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर त्यांना कळलं की आपण उत्तर दिलं आहे.